हलणारे सांधे ओळखायचे कसे? स्वतःच्या शरीरावर करून पाहण्याची पद्धत

हलणाऱ्या सांध्यांचे सहा प्रकार पाठ्यपुस्तकात एका तक्त्यात मांडलेले असतात आणि तो तक्ता पाठ करणे फारसे कठीण नसते. कठीण जाते ते पुढचे. समोरच्या माणसाने हात उचलला, मान वळवली किंवा कात्री दाबली, तर त्या एका हालचालीत कोणता सांधा किती वाटा उचलतो आहे, हे ओळखायला सराव लागतो. ज्याला ते ओळखता येते त्याला दुखणे नेमके कोठे आहे हे सांगता येते आणि एखाद्या व्यायामाने कोणत्या सांध्याला चालना मिळते हेही कळते. तक्ता त्याला वेगळा पाठ करावा लागत नाही.

नाशिकमधील म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला शरीररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल. मात्र ती केवळ त्यांच्यासाठी नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणी करणारा मजूर, ढोलपथकातील वादक, पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणारे गृहस्थ, या सर्वांनाच आपले सांधे कसे चालतात हे माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

यासाठी एक खुर्ची, एक टेबल, कंपासपेटीतील कोनमापक आणि एक पेन्सिल एवढे साहित्य पुरते. सोबतीला कोणी असेल तर निरीक्षण अधिक चांगले होते. निफाडकडच्या हिवाळ्यात पहाटे उठल्या उठल्या सांधे आखडलेले वाटतात, त्यामुळे थोडे चालून-फिरून अंग मोकळे झाल्यावरच हे प्रयोग करावेत. कोणतीही हालचाल झटका देऊन करू नये आणि दुखू लागले की तेथेच थांबावे. ज्यांचे हाड अलीकडे मोडले आहे, ज्यांच्या खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा मान वळवताना ज्यांना चक्कर येते, त्यांनी हे प्रयोग स्वतःवर न करता दुसऱ्याचे पाहून समजून घ्यावेत.

सांध्याच्या आत काय असते

कवटीची हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात आणि प्रौढ माणसात ती हलत नाहीत. पाठीच्या दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, ती थोडीशी दबते आणि वाकते. आपल्याला ज्यांचा विचार करायचा आहे ते सांधे या दोहोंपेक्षा वेगळे आहेत, कारण त्यांच्यात दोन हाडांच्या टोकांमध्ये एक अरुंद पोकळी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, सांध्याभोवती पिशवीसारखे वेष्टन असते, त्या वेष्टनाच्या आतील अस्तरातून वंगणाचे काम करणारा घट्टसर द्रव पाझरतो आणि बाहेरून अस्थिबंध दोन्ही हाडे बांधून ठेवतात. निरोगी गुडघ्यातसुद्धा हा द्रव काही मिलिलिटर एवढाच असतो. म्हणून गुडघ्याला डोळ्यांना दिसेल अशी सूज आली, तर आत नेहमीपेक्षा बरेच काही जमा झाले आहे असे समजावे.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः या द्रवातून होते आणि सांधा हलताना, दाबला-सुटताना तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो. फार दिवस प्लास्टरमध्ये राहिलेला सांधा ताठर का होतो आणि डॉक्टर लवकर हालचाल सुरू करण्याचा आग्रह का धरतात, याचे एक कारण येथे आहे.

कोणत्याही सांध्याला विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न असा, की कोणते हाड स्थिर आहे आणि कोणते हलते आहे? हा प्रश्न टाळला की उत्तर हमखास चुकते, कारण शरीर एक हालचाल क्वचितच एका सांध्याने करते. म्हणून तपासायच्या सांध्याच्या वरचे हाड दुसऱ्या हाताने धरून ठेवावे किंवा टेबलावर टेकवावे आणि मगच खालचे हाड हलवावे.

दुसरा प्रश्न दिशांचा आहे. हाड फक्त वाकते आणि सरळ होते का? त्याशिवाय ते दोन्ही बाजूंनाही झुकते का? आणि ते स्वतःच्या लांबीभोवती फिरते का? या तीन उत्तरांवरून प्रकार जवळजवळ ठरतो. ज्या काल्पनिक रेषेभोवती हाड फिरते तिला आस म्हणतात. एकाच आसाभोवती हालचाल असेल तर सांधा बिजागरीचा किंवा खुंटीचा असतो, दोन आसांभोवती असेल तर लंबगोल किंवा खोगिरी असतो आणि तिन्ही असतील तर उखळीचा असतो. ज्यात हाडे एकमेकांवर नुसती घसरतात, त्याला सरकता सांधा म्हणतात.

तिसरा प्रश्न पुस्तकात फारसा येत नाही, पण माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा तोच आहे. हालचाल जेथे संपते, तेथे तिला कोण थांबवते? तीन शक्यता असतात. हाड हाडाला लागून एकदम कठीण अडथळा येतो, किंवा मांसावर मांस दबून मऊ अडथळा येतो, किंवा अस्थिबंध अथवा स्नायू ताणले जाऊन घट्ट, किंचित लवचिक अडथळा येतो. हा फरक बोटांना जाणवतो आणि थोड्या सरावाने तो स्पष्टपणे सांगता येतो.

कोपरापासून सुरुवात करावी

तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोपरात स्वच्छ मिळतात, म्हणून सुरुवात तेथूनच करावी. दंड टेबलावर आडवा टेकवावा, तळवा वर ठेवावा आणि कोपर सावकाश वाकवावे. हात खांद्याकडे येतो आणि साधारण १४५ अंशांच्या आसपास पुढच्या हाताचे, म्हणजे कोपर ते मनगट या भागाचे, मांस दंडाच्या मांसावर दबून हालचाल थांबते, म्हणजे हा अडथळा मऊ असतो. आता कोपर सरळ करावे. शेवटी हालचाल एकदम ठाम थांबते, कारण करंगळीच्या बाजूच्या हाडाचे मागचे टोक दंडाच्या हाडामागील खळग्यात जाऊन बसते. हा कठीण अडथळा आहे. दंड तसाच धरून पुढचा हात डाव्या-उजव्या बाजूला झुकवून पाहावा, तर तो झुकत नाही. एकच आस, एकच प्रतल, म्हणून हा बिजागरीचा सांधा. बोटांच्या पेरांमधले सांधे याच प्रकारचे असतात. हाताच्या चार बोटांत प्रत्येकी दोन आणि अंगठ्यात एक, असे एका हातात ते नऊ असतात.

क्रिकेटच्या नियमांत या एका सांध्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे. चेंडू टाकताना गोलंदाजाचे कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची मर्यादा आहे. गोल्फ क्लब मैदानावर सराव करणाऱ्या मुलांनी हा कोन कोनमापकावर एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा. तो वाटतो त्यापेक्षा लहान असतो.

गुडघा बिजागरीचा आहे, पण पुरता नाही

शाळेच्या तक्त्यात गुडघा कोपराशेजारी लिहिलेला असतो. तो मुळात बिजागरीचाच सांधा आहे, परंतु त्याच्यात एक अधिकची हालचाल दडलेली आहे आणि ती स्वतः शोधून काढण्यासारखी आहे. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवावा आणि पाऊल जमिनीला हलकेच टेकवावे. गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीवर एक उंचवटा लागतो, त्यावर बोट ठेवावे. आता मांडी न हलवता पावलाची बोटे बाहेर आणि मग आत वळवावीत. बोटाखालचा उंचवटा सरकताना जाणवतो, म्हणजे नडगी स्वतःभोवती थोडी फिरते आहे. पाऊल तर घोट्याखालूनही वळते, त्यामुळे उंचवट्यावर बोट ठेवल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर पाय पूर्ण सरळ करून हाच प्रयत्न करावा. आता पाऊल वळते, पण त्याबरोबर गुडघ्याची वाटीही वळते, म्हणजे संपूर्ण पाय खुब्यातून फिरतो आहे आणि गुडघ्यात फिरणे उरलेले नाही. गुडघा सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड आणि नडगी एकमेकांवर किंचित वळून घट्ट बसतात आणि अस्थिबंध ताणले जातात. त्यामुळेच आपण मांडीचे स्नायू फारसे न वापरता बराच वेळ उभे राहू शकतो.

याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. पाऊल जमिनीवर रुतलेले असताना आणि शरीराचा भार त्यावर असताना गुडघा एकदम वळला, तर अस्थिबंधांना आणि आतील गादीला इजा होण्याची भीती असते. कबड्डी खेळताना असे अनेकदा घडते. पांडवलेणी किंवा रामशेजसारख्या ठिकाणी चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे जास्त दाब येतो. म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि वळायचे झाल्यास पाऊल उचलून वळावे.

खुंटीचे दोन सांधे

पुढच्या हातात दोन हाडे असतात आणि त्यांतले अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावर फिरते. हे पाहण्यासाठी कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवावे आणि मुठीत पेन्सिल उभी धरावी. कोपर कमरेपासून सुटले, तर खांदाही फिरू लागतो आणि मोजमाप बिघडते. आता तळवा वर करावा आणि नंतर खाली करावा. पेन्सिल दोन्ही बाजूंना साधारण ८० अंश झुकते. दुसऱ्या हाताचा अंगठा कोपराच्या बाहेरील बाजूस, हाडाच्या उंचवट्याच्या किंचित खाली ठेवला, तर तेथे हाडाचे गोल डोके फिरताना स्पष्ट लागते. हे डोके एका अस्थिबंधाच्या कड्यात बसलेले असते. कुलूप उघडणे, पेचकस फिरवणे, पुरणपोळी उलटणे ही सारी कामे या सांध्यावर चालतात.

लहान मुलांच्या पालकांनी येथे थोडे थांबावे. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात वरून एकदम ओढला, तर हाडाचे ते डोके कड्यातून निसटू शकते. मूल हात हलवेनासे होते आणि तो शरीराशी लोंबता धरून रडते. रामकुंडावरच्या गर्दीत किंवा सराफ बाजारात मुलाला हाताला धरून उचलण्याचा मोह होतो, तो टाळावा. मुलाला नेहमी दोन्ही बगलांत हात घालून उचलावे, आणि असे काही झालेच तर घरी चोळत न बसता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा खुंटीचा सांधा मानेत असतो. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर एक उभा सुळका असतो आणि पहिला मणका कवटीसह त्याच्याभोवती फिरतो. मान डाव्या-उजव्या बाजूला वळवताना जेवढे वळण मिळते, त्यातील साधारण निम्मे याच एका ठिकाणी घडते. मान वर-खाली करून होकार देताना मात्र कवटी आणि पहिला मणका यांच्यामधला सांधा काम करतो, तो लंबगोल प्रकारचा आहे. नकार आणि होकार यांची अशी दोन शेजारी सांध्यांत वाटणी झालेली आहे. मान चक्राकार गरागरा फिरवण्याचा व्यायाम काही जण आवर्जून करतात. त्यापेक्षा वळवणे, वाकवणे आणि झुकवणे या हालचाली सुट्या सुट्या, सावकाश केलेल्या मला अधिक सुरक्षित वाटतात.

खांदा आणि खुबा

दोन्ही उखळीचे सांधे आहेत. दोन्हींत हाडाचे गोल डोके खळग्यात बसते आणि तिन्ही आसांभोवती फिरते. तरीही त्यांची वागणूक फार वेगळी आहे आणि ती समजून घेतली, की आकाराने हालचाल कशी ठरते याचा उलगडा होतो.

खांद्याचा खळगा उथळ असतो. दंडाच्या हाडाचे डोके मोठे, पण त्याचा लहानसाच भाग एका वेळी खळग्याला टेकलेला असतो. हात वर, मागे, आडवा, गोल असा कोणत्याही दिशेला जातो तो यामुळेच, आणि मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तोही खांदाच. हाडाने दिलेला आधार अपुरा असल्यामुळे फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या, हाडावरून निघणारे चार स्नायू ते डोके खळग्याशी धरून ठेवण्याचे काम सतत करत असतात.

आता सोबत्याच्या मदतीने हा प्रयोग करावा. एकाने पाठमोरे उभे राहावे आणि दुसऱ्याने त्याच्या फऱ्याच्या हाडाचे खालचे टोक बोटांनी धरावे. पहिल्याने हात बाजूने सावकाश वर उचलावा. सुरुवातीला फरा जवळजवळ स्थिर राहतो आणि नंतर तो बाहेरच्या बाजूला फिरू लागतो. हात कानाजवळ पोहोचेपर्यंत जे १८० अंश होतात, त्यांतले सुमारे १२० उखळीच्या सांध्यातून आणि सुमारे ६० फऱ्याच्या सरकण्यातून येतात. दुसऱ्याने फरा घट्ट दाबून धरला, तर हात पूर्ण वर जात नाही. एकट्या सांध्याने केलेली वाटणारी हालचाल प्रत्यक्षात किती जणांची असते, हे दाखवणारा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहावी. अंगठा जमिनीकडे वळवून हात बाजूने उचलला, तर खांद्याच्या उंचीच्या आसपास अडचण जाणवते. अंगठा वर केला की हात मोकळेपणाने पुढे जातो, कारण दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा खांद्यावर छतासारख्या असलेल्या हाडाखालून बाजूला होतो. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मांडवाखाली तासन्‌तास हात डोक्यावर धरून काम करणाऱ्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. शक्य तेथे मांडवाच्या अगदी खाली उभे राहावे म्हणजे हात शरीरापासून फार लांब जात नाहीत, तळवा आतल्या बाजूस ठेवून कात्री धरावी आणि हात अधूनमधून खाली सोडून फरे मागे-पुढे हलवून घ्यावेत.

खुब्याचा खळगा मात्र खोल असतो आणि मांडीच्या हाडाचे डोके त्यात बरेच आत बसते. त्याच्या पुढच्या बाजूचा एक अस्थिबंध शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांत गणला जातो. टेबलाला धरून उभे राहावे आणि कंबर न वाकवता पाय मागे न्यावा. १५-२० अंशांतच घट्ट अडथळा येतो, तो याच अस्थिबंधाचा. त्याच्याही पुढे पाय गेल्यासारखा वाटला, तर कंबर पुढे झुकली आहे असे समजावे.

उताणे झोपून गुडघा वाकवून मांडी पोटाकडे आणली, तर साधारण १२० अंशांपर्यंत ती येते. आता गुडघा सरळ ठेवून पाय उचलावा. बहुतेकांचा पाय ९० अंशांच्या अलीकडेच थांबतो आणि मांडीच्या मागे ताण जाणवतो. सांधा तोच आहे, खळगाही तोच आहे, पण दुसऱ्या वेळी मांडीमागच्या स्नायूंनी हालचाल रोखली आहे. ‘माझा खुबा आखडला आहे’ असे म्हणणाऱ्या अनेकांचा खुबा ठीक असतो आणि आखडलेले असतात ते स्नायू. हे दोन प्रयोग लागोपाठ केल्यास तो फरक घरीही लक्षात येतो.

मनगट आणि बोटांची मुळे

मनगट पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना वाकते, त्यामुळे हात गोल फिरवता येतो आणि अनेकांना तो उखळीचा सांधा वाटतो. दुसऱ्या हाताने मनगटाच्या अलीकडची दोन्ही हाडे घट्ट धरावीत आणि तळवा वर-खाली करण्याचा प्रयत्न करावा. तो जवळजवळ हलत नाही, कारण स्वतःभोवती फिरणे मनगटाला येतच नाही आणि ते काम पुढच्या हातातील खुंटीच्या सांध्याचे आहे. दोन आसांभोवतीची हालचाल आणि फिरणे नाही, ही लंबगोल सांध्याची खूण. हात करंगळीच्या बाजूला जास्त आणि अंगठ्याच्या बाजूला कमी झुकतो हेही पाहावे. अंगठ्याच्या बाजूचे हाड थोडे जास्त खाली उतरलेले असल्याने तिकडचा मार्ग लवकर अडतो. नाशिक ढोलाच्या वादकांनी टिपरू धरून हीच निरीक्षणे करावीत. एका ठोक्यात मनगट, पुढचा हात आणि कोपर यांचा वाटा कसा बदलतो ते आरशात दिसते आणि सगळा भार एकट्या मनगटावर पडत असेल तर तेही दिसते.

बोटे तळव्याला जेथे मिळतात तेथले सांधेही लंबगोल प्रकारात येतात. बोटे सरळ ठेवून फाकवावीत, ती सहज फाकतात. आता बोटे मुळाशी काटकोनात वाकवावीत आणि पुन्हा फाकवण्याचा प्रयत्न करावा, तर ती जवळजवळ फाकत नाहीत. वाकलेल्या स्थितीत बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि दुसरी आस बंद होते. एकाच सांध्याला स्थिती बदलली की किती मोकळीक मिळते, हे यातून दिसते. वस्तू पकडताना मूठ स्थिर राहते ती यामुळेच.

बोटे मोडताना येणारा आवाज याच सांध्यांतून येतो. सांधा ताणला की आतील द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. तोच सांधा पुन्हा मोडण्यासाठी साधारण वीस मिनिटे जावी लागतात. बोटे मोडल्याने संधिवात होतो याला आधार मिळालेला नाही, मात्र आवाजासोबत वेदना किंवा सूज असेल तर दुर्लक्ष करू नये.

अंगठ्याचे मूळ

तळव्यात अंगठ्याचे लांब हाड मनगटातील एका लहान हाडावर बसते आणि दोन्हींचे पृष्ठभाग एका दिशेने खोलगट व दुसऱ्या दिशेने फुगीर असतात. हा खोगिरी सांधा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या अगदी जवळ, दुसऱ्या हाताचे बोट ठेवावे आणि अंगठ्याचे टोक पाळीपाळीने चारही बोटांच्या टोकांना लावावे. मूळ हलताना तर जाणवतेच, पण करंगळीपर्यंत जाताना अंगठ्याचे नख हळूहळू वळत जाते हेही दिसते. दोन आसांच्या हालचालीबरोबर हाड किंचित फिरते आणि म्हणूनच अंगठ्याचा तळ बोटांच्या तळासमोर येतो. सुई धरणे, लेखणी धरणे, येवल्याच्या मागावर पैठणीचा धागा उचलणे या कामांची अचूकता येथून येते.

या सांध्यावर चिमटीच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, आणि पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, त्याची झीज बऱ्याचदा आढळते. बरणीचे झाकण उघडताना किंवा द्राक्षांची विरळणी करताना अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर कात्रीची मूठ जाड करावी, धार चांगली ठेवावी आणि जोर चिमटीऐवजी सगळ्या मुठीने लावावा.

सरकते सांधे, पाऊल आणि जबडा

सरकत्या सांध्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मनगटातील आणि पावलातील लहान हाडे तसेच मणक्यांच्या मागच्या जोड्या एकमेकांवर थोड्याशा घसरतात. एकेका सांध्याची हालचाल किरकोळ असते, पण सगळ्यांची मिळून पाठ वाकते आणि पाऊल उंचसखल जमिनीला जुळवून घेते.

घोट्याबाबत मात्र गैरसमज दूर करायला हवा. घोटा पाऊल फक्त वर-खाली करतो. तळपाय आत किंवा बाहेर झुकतो तो घोट्याच्या खालच्या सांध्यातून. टाच एका हाताने धरून ती डावी-उजवीकडे झुकवली, तर हा खालचा सांधा सापडतो. घोट्यात बसणारे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, त्यामुळे पाऊल वर खेचलेले असताना घोटा घट्ट बसतो आणि पंजा खाली झुकला की सैल होतो. अंजनेरीच्या वाटेवर उतरताना पाय मुरगळतो तो बहुधा अशाच वेळी, पंजा खाली आणि तळपाय आत झुकलेला असताना, आणि दुखावतात ते बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध.

जबडा कोणत्याच एका खणात बसत नाही. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवून तोंड सावकाश उघडावे. आधी हाड जागच्या जागी फिरते आणि तोंड आणखी उघडले की ते पुढे सरकते. म्हणजे बिजागरीची आणि सरकती अशा दोन्ही हालचाली एकाच सांध्यात, मधल्या चकतीच्या दोन बाजूंना, घडतात. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील शारीरस्थान या भागात सांध्यांची संख्या २१० सांगितली आहे, त्यांचे चेष्टावंत म्हणजे हलणारे आणि स्थिर असे दोन गट केले आहेत आणि आकारावरून आठ प्रकार दिले आहेत. त्यात जबड्याला ‘वायसतुंड’ असा स्वतंत्र प्रकार आहे. तेथे मनगट, गुडघा आणि कोपर एकाच ‘कोर’ प्रकारात येतात, आधुनिक वर्गीकरणात मनगट वेगळे काढले जाते. रचनाशारीर, म्हणजे आयुर्वेदातील शरीररचना, शिकणाऱ्यांनी दोन्ही वर्गीकरणे शेजारी ठेवून वरचे प्रयोग करावेत. कोणता भेद कोणत्या हालचालीवरून केला आहे, हे मग पाठांतराशिवाय सांगता येते.

नोंद कशी ठेवावी आणि डॉक्टरांना काय सांगावे

प्रत्येक सांध्याची हालचाल डाव्या आणि उजव्या बाजूला मोजून वहीत शेजारी शेजारी लिहावी. माणसामाणसांत बराच फरक असतो, त्यामुळे पुस्तकातील आकड्यापेक्षा स्वतःच्या दुसऱ्या बाजूशी केलेली तुलना अधिक विश्वासार्ह असते. कोनमापकाचा मध्य सांध्याच्या आसावर ठेवावा, एक रेघ स्थिर हाडाच्या आणि दुसरी हलत्या हाडाच्या दिशेने धरावी. हालचाल आधी स्वतःच्या ताकदीने करावी आणि मग सोबत्याने हळुवार हलवून पाहावी. स्वतः हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर जातो, असे असल्यास अडचण बहुधा स्नायूत, त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत किंवा नसेत असते. दोन्ही प्रकारे हालचाल अडत असेल, तर सांधा स्वतःच आखडला असण्याची शक्यता जास्त. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा असा आखडण्याचे प्रमाण अधिक असते आणि कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर वळवणे ही हालचाल त्यात सहसा सर्वांत आधी कमी होते. त्यांनी ही एक मोजणी अधूनमधून अवश्य करावी.

सांधा सुजला, लाल झाला, हाताला गरम लागतो आणि अंगात तापही आहे, असे असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि तो आठवडेच्या आठवडे चालू असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, किंवा मार लागल्यावर पायावर भार देता येत नसेल, तर तपासणी लांबवू नये. डॉक्टरांना नुसते ‘हात दुखतो’ असे सांगण्याऐवजी कोणता सांधा, कोणत्या दिशेला, किती अंशांवर दुखतो, दुखणे स्वतः हलवताना आहे की दुसऱ्याने हलवतानाही आहे, आणि शेवटचा अडथळा कठीण, मऊ की ताणाचा वाटतो, एवढे वहीतून वाचून दाखवावे.